एक लग्न, दोन उद्रेक: केळीच्या पट्ट्यातल्या एका गावाचे प्रकरण

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल. पूर्व खानदेशातल्या एका गावात चार दिवसांच्या आत दोनदा गॅस्ट्रोची साथ आली, पहिली लग्नाच्या जेवणातून आणि दुसरी नळाच्या पाण्यातून. दोन्ही वेळा उलट्या-जुलाबच होते, रुग्ण एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, आणि काही तास दोन्हींची नोंद एकाच यादीत होत राहिली. त्या काही तासांत एक माणूस दगावता दगावता वाचला. दोन्ही उद्रेक जिवाणूंचेच होते, पण ते जिवाणू माणसाला आजारी पाडतात कसे, यात मूलभूत फरक होता. तो फरक ओळखता आला की उपचार, नमुने, पाणी, गावाला द्यायच्या सूचना, सगळेच बदलते. गाव, माणसे आणि आकडे ओळख पटणार नाही असे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

गाव तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे. वस्ती चार हजारांच्या आसपास, शिवारात केळी आणि कापूस. एक लाख लिटरचा जलकुंभ, त्यातून वेगवेगळ्या भागांना पाळीपाळीने पाणी. उन्हाळ्यात प्रत्येक भागाची पाळी चौथ्या दिवशी येते. खालच्या गल्लीला आणि तिच्याही पुढे, शिवाराच्या कडेला असलेल्या सालदारांच्या खोल्यांना जाणारी पाइपलाइन गटाराला लागून जाते. या भागाच्या व्हॉल्व्हचे चेंबर गटाराच्या पातळीखाली आहे.

लग्न रविवारचे, तापमान ४३ अंश. जेवणात वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, भात आणि बासुंदी. पंगती दुपारी एक ते तीन चालल्या. बासुंदी आदल्या रात्रीच आटवून ठेवली होती.

पहिली रात्र: उलट्या

पहिला रुग्ण दुपारी साडेतीनला आला आणि सातपर्यंत केंद्राचा व्हरांडा भरला. जोराच्या उलट्या, पोटात कळ, थोड्यांना जुलाब, ताप जवळजवळ कोणालाच नाही. नातेवाइकांची मागणी एकच होती: सगळ्यांना सलाईन लावा आणि इंजेक्शन द्या.

वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे तीन रस्ते होते. सरसकट सलाईन आणि अँटिबायोटिक देणे, सगळ्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवणे, किंवा अर्धा तास खर्च करून रुग्णांची वर्गवारी करणे. त्यांनी तिसरा निवडला. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

वर्गवारीची सुरुवात जंतूपासून झाली नाही. आधी कीटकनाशकाची शंका काढून टाकली. फवारणीच्या पट्ट्यात सामुदायिक उलट्या दिसल्या की ही शंका आधी घ्यावीच लागते. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम वाहतो, नाडी बऱ्याचदा मंदावते. टॉर्च घेऊन रुग्णांच्या बाहुल्या पाहिल्या, सगळ्या नेहमीसारख्या होत्या. या कामाला दहा मिनिटे लागली.

मग वेळ. आरोग्य सेविकेने प्रत्येकाला अहिराणीतूनच विचारले, ‘काय खादं, कव्हय खादं?’ आणि जेवणाची व पहिल्या उलटीची वेळ शेजारी-शेजारी लिहिली. बहुतेकांत अंतर दोन ते चार तासांचे निघाले.

हे अंतर जंतूच्या नावापेक्षाही जास्त सांगते. रोगजंतूंची पुस्तकी विभागणी विषाणू, जिवाणू, बुरशी, आदिजीव आणि कृमी अशी होते. जिवाणूंची पुढे आकारावरून आणि ग्रॅमच्या रंगावरून होते. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी ही रंगवण्याची पद्धत १८८४ मध्ये मांडली. प्रयोगशाळेत ही विभागणी लागतेच. पण रात्री आठ वाजता, हातात सूक्ष्मदर्शक नसताना, उपयोगी पडते ती दुसरी विभागणी: जंतू इजा कशी करतो?

पोटाच्या आजारात याच्या ढोबळ चार रीती आहेत. काही जिवाणू अन्नातच विष तयार करून ठेवतात आणि आपण ते विष खातो. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि भातातला बॅसिलस सेरियस यांचा उलटीचा प्रकार असा आहे. यात सहसा एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. काही जिवाणू आतड्यात पोचून, तिथे वाढून विष सोडतात. मोठ्या भांड्यात सावकाश निवणाऱ्या रश्श्यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स साधारण ६ ते २४ तास घेतो, तर कॉलऱ्याचा जंतू काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. तिसरी रीत आतड्याच्या अस्तरात घुसण्याची. साल्मोनेला सहसा १२ ते ३६ तास घेतो आणि ताप आणतो. शिगेला थोड्याशा जंतूंवरही आजार करतो आणि शौचात रक्त-आव दाखवतो. चौथी रीत विषाणूंची. ते पेशीत शिरून तिचाच कारभार ताब्यात घेतात. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात. अमिबासारखे आदिजीव तर आठवडे घेतात, त्यामुळे त्या रात्री त्यांचा विचार करण्याचे कारणच नव्हते.

तीन तासांत कोणताही जंतू आतड्यात वाढून इतक्या लोकांना एकदम पाडू शकत नाही. याचा अर्थ विष आयते पोटात गेले होते. पुढचा प्रश्न एवढाच, ते भातात होते की बासुंदीत?

उत्तर आजारी न पडलेल्यांकडून मिळाले. आरोग्य सेवकाने त्याच रात्री पंगतीत जेवलेल्या चाळीस ठणठणीत लोकांनाही तेच प्रश्न विचारले. हे काम बहुधा राहूनच जाते, आणि मग ‘सगळ्यांनी सगळे खाल्ले’ एवढेच हाती उरते. मधुमेहामुळे बासुंदी न घेतलेले सहा ज्येष्ठ एकाच पंगतीत बसले होते. त्यांनी भात, वरण, भाजी सगळे खाल्ले आणि त्यांना काहीही झाले नाही. उलट, मांडवात पाऊलही न टाकलेल्या एका आजारी म्हातारीला शेजाऱ्यांनी वाटीभर बासुंदी पोचवली होती. तिला पाच वाजता उलट्या सुरू झाल्या. इतर शंभर नोंदींपेक्षा ही एक नोंद वजनदार होती.

बासुंदीत काय घडले

आचाऱ्याकडून मिळालेली माहिती अशी. शनिवारी रात्री दूध आटवून दोन मोठ्या गंजांत काढले. गंज झाकून मांडवातच ठेवले. खोल भांड्यातल्या घट्ट दुधाची उष्णता लवकर बाहेर पडत नाही. वरचा थर निवतो, मधला भाग तासन् तास कोमट राहतो, आणि मे महिन्याच्या रात्री हवाच तिशीच्या वर असते. स्टॅफिलोकोकसला हेच तापमान मानवते. बासुंदी कोमट झाल्यावर एका मदतनिसाने काजू-बदामाचे काप हातानेच टाकून ढवळले. त्याच्या उजव्या तर्जनीवर पिकलेला फोड होता, त्यावर कापडाची चिंधी बांधलेली.

हा जिवाणू निरोगी माणसांपैकी चौथ्या हिश्शाच्या आसपास लोकांच्या नाकात तसाच राहत असतो. पिकलेल्या फोडात तो अमाप असतो. वाढताना तो अन्नात आंत्रविष सोडतो. ते पोटात गेल्यावर आतड्यातल्या मज्जातंतूंना चेतवते आणि तिथून मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला संदेश जातो.

रविवारी सकाळी बासुंदीला ‘एक उकळी’ दिली होती, म्हणून आचाऱ्याला ती निर्धोक वाटली. उकळीने जिवाणू मेले, विष मात्र टिकले, कारण हे विष उकळूनही नष्ट होत नाही. वास, चव, रंग काहीच बिघडत नाही, त्यामुळे खाणाऱ्याला सुगावा लागत नाही.

पहिल्या रात्रीची कृती

निदान संभाव्य असले तरी उपचारांना तेवढे पुरले. अँटिबायोटिक कोणालाही दिले नाही, कारण मारण्यासारखा जंतू रुग्णाच्या पोटात नव्हता. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, आणि पाच मिनिटांची विश्रांती देऊन ओआरएस चमच्याचमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी ५ मिली. ग्लासभर एकदम दिले की ते उलटून पडते आणि ‘ओआरएस पचत नाही’ असा समज होतो. सलाईन फक्त तेही न टिकणाऱ्यांना, गरोदर बायकांना आणि वयस्कांना लावले. सोमवारी सकाळी बहुतेक रुग्ण घरी गेले.

नमुन्यांची बाजू मात्र लंगडी राहिली. बासुंदीचा पाव किलो नमुना उकळून निवलेल्या स्टीलच्या डब्यात, नव्या चमच्याने काढून बर्फपेटीत ठेवला. मदतनिसाच्या फोडातला पू आणि दोघा आचाऱ्यांच्या नाकातले नमुने घेतले. उरलेला भात तोवर गुरांना गेला होता. शौचाचा एकही नमुना घेतला नाही. उलट्यांचा आजार म्हणून त्या रात्री ते रास्त वाटले. तीन दिवसांनी त्याची उणीव जाणवली, कारण दुसरा उद्रेक कॉलऱ्याचा निघाला, आणि त्याचा जंतू गावात रविवारीच होता की नंतर आला, हे सांगायला काहीच हाती नव्हते.

बुधवार पहाट: जुलाब

बुधवारी पहाटे चार ते सहाच्या दरम्यान खालच्या गल्लीतून तिघे आले. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याने त्यांची नावे ‘लग्नातील विषबाधा’ याच यादीत पुढे जोडली. पोटदुखीचे इंजेक्शन आणि ओआरएसची पाकिटे देऊन त्यांना घरी पाठवले. त्यातला एक पस्तिशीतला सालदार साडेआठला खाटेवरून परत आणला गेला. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश खाली जाणारी, मनगटाला नाडी लागेना. शौच तांदळाच्या धुवणासारखे, दुर्गंधी नाही, पोटात कळ नाही, ताप नाही.

तो लग्नाला गेलाच नव्हता. पहाटे त्याला कोणी विचारले नव्हते.

इथे घड्याळ पुन्हा कामी येते. लग्नाच्या शेवटच्या पंगतीला साठाहून अधिक तास उलटले होते. अन्नातल्या आयत्या विषाचा परिणाम सहसा दिवसभरात ओसरतो आणि तो एकाकडून दुसऱ्याला जात नाही. बुधवारी नवा रुग्ण येणे या रीतीत बसतच नाही. उद्रेक चालू असताना नवा रुग्ण जुन्या कारणाखाली टाकण्याचा मोह फार मोठा असतो, कारण कारण माहीत असल्याचा दिलासा मिळालेला असतो.

दहा वाजेपर्यंत आणखी चौघे आले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दुसरे पान उघडले आणि त्यात रकाने बदलले: घर कोणत्या व्हॉल्व्हवर, पाणी शेवटचे कधी आले, घरात आणखी कोणाला त्रास. गावाच्या नकाशावर सातही घरे एकाच व्हॉल्व्हच्या पुढे पडली. त्या भागाला सोमवारी सकाळी सातला पाणी आले होते, म्हणजे पहिल्या जुलाबाआधी सुमारे पंचेचाळीस तास. रविवारी संध्याकाळी लग्नाची भांडी धुतल्याने गटार तुंबून चेंबरवरून वाहिले होते. पाणी बंद असताना पाइपात दाब नसतो. सांध्यातली गळती त्या वेळी उलटी चालते आणि बाहेरचे आत ओढले जाते.

कॉलऱ्याच्या विषाचे काम

कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, हा स्वल्पविरामासारखा वाकडा, ग्रॅम-निगेटिव्ह. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात तो शुद्ध स्वरूपात वाढवला, आणि तो विष सोडतो हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये तिथेच दाखवले. हा जंतूही आतड्याच्या अस्तरात घुसत नाही. इथपर्यंत तो बासुंदीतल्या जंतूसारखाच, विषानेच इजा करणारा. फरक असा की विष आयते येत नाही, ते बनवणारा जिवंत येतो. लहान आतड्याला चिकटतो, वाढतो आणि विष तिथेच सोडतो. म्हणून त्याला वेळ लागतो, म्हणून रुग्णाच्या शौचातून तो कोट्यवधींनी बाहेर पडतो, आणि म्हणूनच एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

या विषाचा एक भाग पेशीला चिकटतो. दुसरा आत शिरून क्लोराइड बाहेर टाकणारी यंत्रणा चालू स्थितीत अडकवून ठेवतो. क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी जाते. प्रौढ माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. पेशी मात्र शाबूत असते. ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेण्याची तिची वाट या विषाने बंद होत नाही. ओआरएस त्याच वाटेने काम करते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने हजारो लोकांवर उपचार केले. आजच्या पाकिटात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पाकीट अर्ध्या लिटरचे की एक लिटरचे हे वाचूनच पाणी घ्यावे. दाट द्रावणाने जुलाब वाढतात.

निर्णय आणि पर्याय

पहिला प्रश्न, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहायची का? जंतू वाढवून ओळखायला दोन-तीन दिवस जातात, आणि खालच्या गल्लीची पुढची पाळी शुक्रवारी होती. थांबणे म्हणजे तेच पाणी पुन्हा सोडणे. बुधवारी अकरा वाजता तो व्हॉल्व्ह बंद केला आणि टँकर लावला.

दुसरा, गावभर अँटिबायोटिक वाटायचे का? सरपंचांसह अनेकांचा तसा आग्रह होता. ते नाकारले. सरसकट वाटपाने साथ थांबत नाही आणि जंतू औषधाला निबर होतात. फक्त तीव्र जलशुष्कतेच्या, म्हणजे शरीरातले पाणी फार कमी झालेल्या, प्रौढ रुग्णांना डॉक्सिसायक्लिन ३०० मिलिग्रॅम एकदाच दिले, मुलांना व गरोदर बायकांना अॅझिथ्रोमायसिन. औषधाच्या आधी शौचाचा नमुना कॅरी-ब्लेअर या नमुना टिकवून नेण्याच्या माध्यमात घेतला. हा नमुना खोलीच्या तापमानाला पाठवायचा असतो. थंडीत व्हिब्रिओ तग धरत नाही. बासुंदीच्या सवयीने एक नमुना बर्फपेटीत गेला आणि त्यातून काहीच वाढले नाही.

तिसरा प्रश्न सलाईनचा. त्या सालदाराचे वजन अंदाजे ५० किलो. तीव्र जलशुष्कतेत किलोमागे १०० मिली रिंगर लॅक्टेट (आरएल) हे सलाईन लागते. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर, पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर, एकूण ५०० मिलीच्या दहा बाटल्या. केंद्रात आरएलच्या सहाच होत्या. तालुक्याहून बाटल्या येईपर्यंत नॉर्मल सलाईनने वेळ निभावली, दोन्ही हातांना जाड सुया लावून. बाराच्या सुमारास नाडी भरली, दुपारी लघवी झाली. शुद्धीवर येताच ओआरएस सुरू केले, कारण नॉर्मल सलाईनमध्ये पोटॅशियम नसते. दोन ते वीस किलो अशा वजनाच्या मुलांसाठी मात्रांचा तक्ता भिंतीवर लावला होता आणि बरोबर झिंकच्या गोळ्या दिल्या.

पाण्याचे काम

नियमाप्रमाणे १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे भरलेल्या जलकुंभाला अर्धा किलो. जलसुरक्षक तेवढे टाकत होता, नोंदवही चोख होती. तरीही शेवटच्या नळावर ओटी तपासणीत (पाण्यात क्लोरीन असेल तर रंग पिवळा होतो) पाणी पिवळे होईना. पोत्यातल्या पावडरची तपासणी केली तेव्हा क्लोरीन १४ टक्के निघाले, ताज्या पावडरीत ते ३३ असते. तोंड उघडे पोते पत्र्याखाली उन्हाळाभर पडून होते. त्या पावडरीने तोच परिणाम हवा असता तर १.२ किलो लागले असते. नवे पोते येईपर्यंत हाच हिशेब धरला.

जलकुंभाजवळच्या नळाचे पाणी एचटूएस बाटलीत (मैल्याचे जंतू असतील तर पाणी काळे पडते) स्वच्छ राहिले, खालच्या गल्लीतले दुसऱ्या दिवशी काळे पडले. दोष पाइपात होता, कुंभात नव्हता. चेंबरशेजारी चार इंची पाइपाचा सांधा निखळलेला सापडला. तो तुकडा गटारापासून दूर नेऊन नवा टाकला, पाइपलाइन जास्त क्लोरीनच्या पाण्याने भरून रात्रभर ठेवली, धुऊन काढली, आणि शेवटच्या नळावर मुक्त क्लोरीन ०.५ पीपीएम मिळाल्यावरच पाणी सोडले.

परिणाम

दुसऱ्या उद्रेकाचा शेवटचा रुग्ण व्हॉल्व्ह बंद झाल्यावर चौथ्या दिवशी आला. कॉलऱ्याच्या पाच दिवसांच्या कमाल अधिशयन काळात, म्हणजे जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळात, हे बसते. मृत्यू एकही नाही. पाच शौच नमुन्यांपैकी दोनांत व्हिब्रिओ कॉलरी ओ-१ मिळाला. मदतनिसाच्या फोडात स्टॅफिलोकोकस ऑरियस मिळाला, बासुंदीत काहीच वाढले नाही. उकळीमुळे ते अपेक्षितच होते. अन्नातले विष थेट ओळखण्याची चाचणी होऊ शकली नाही, म्हणून पहिल्या उद्रेकाचे निदान कागदावर ‘संभाव्य’ राहिले.

काय वेगळे करता आले असते

यादीत पहिल्या रात्रीपासून ‘लग्नात जेवले का’ हा रकाना असता, तर पहाटे चार वाजताच तो ‘नाही’ने भरला असता आणि त्या सालदाराचे चार तास वाचले असते. बंद पडलेल्या उद्रेकाच्या यादीखाली रेघ मारून तारीख टाकावी. त्यानंतरचा प्रत्येक रुग्ण नवा धरावा.

पहिल्या रात्री जुलाब असलेल्या दोघा-तिघांचे शौच नमुने घ्यायला पंधरा मिनिटे पुरली असती.

गावात दवंडी फक्त बासुंदीची झाली होती. लोकांनी बासुंदी टाकली आणि पाण्याबद्दल निर्धास्त राहिले. कारण पक्के होईपर्यंत सूचना दोन्हींची द्यावी: उरलेले अन्न नको, पाणी उकळूनच प्या.

मदतनिसाला गावाने धारेवर धरले, आणि जुलाब सालदारांच्या खोल्यांतून सुरू झाले म्हणून तिथल्या पावरा आदिवासी कुटुंबांवर बोट रोखले गेले. दोन्ही चुकीचे. फोड झालेल्या माणसाला जलरोधक पट्टी बांधून शिजण्याआधीच्या कामाला, लाकडे-पाणी-भाजी चिरायला लावता येते. शिजून निवलेल्या पदार्थाला त्याचा हात लागू द्यायचा नाही, एवढेच आचाऱ्याने पाहायचे. आणि खोल्यांतले लोक आधी आजारी पडले ते पाइपाच्या शेवटी राहतात म्हणून. जंतू गावात कोणाकडून आला हे ठरले नाही आणि ठरणेही अवघड होते, कारण हा जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना काही लक्षणच येत नाही.

बासुंदी आदल्या रात्री करायचीच असेल तर खोल गंजाऐवजी चार बोटे थराच्या परातींत काढून, बर्फाच्या पाण्यात बसवून दोन तासांत निववावी आणि शीतपेटीत ठेवावी. शीतपेटी नसेल तर बासुंदी सकाळीच आटवावी.

ग्रामपंचायतीने नंतर टीसीएल बंद ड्रममध्ये, सावलीत ठेवायला घेतले. ओटी तपासणीचा नळ बदलला: आधी ती जलकुंभाखालच्या नळावर व्हायची, आता सालदारांच्या खोल्यांसमोरच्या नळावर होते आणि नोंदवहीत तिथल्या एका रहिवाशाची सही घेतली जाते.